बाळू, तुझ्या गाडीला नवे ब्रेक बसवले

प्रिय बाळू,

तुझ्या लाल गाडीला नवे ब्रेक बसवले. कितीला पडले, हेच तू आधी विचारलं असतंस, म्हणून तेच आधी सांगतो. पार्सल दोन नव्या मोटारसायकलींच्या किमतीचं. परदेशातून आलं म्हणून त्यावरचा कर वेगळा. डिस्कला चिमटीत धरणारं कॅलिपर मूळ जागी बसेना, तेव्हा लातूरला लेथवर दोन ब्रॅकेट करून आणले. त्याची मजुरी आणि माझ्या खेपा. हे झालं पैशाचं. खरा खर्च पुढं आहे. तुझ्या सुरेखानं माझ्याशी बोलणं टाकलं. आणि तुझ्या कोमलला घरात थांबवायला माझ्याकडं एकच कारण उरलं होतं, ‘ब्रेक होऊ दे, मग जा’. ते कारण मी माझ्याच पान्यानं आवळून संपवलं.

उद्या सकाळी तुझी लेक तुझी गाडी घेऊन पुण्याला निघतीय, नोकरीवर. म्हणून आज लिहायला बसलो. रविवार आहे, दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलंय. गाडी समोरच उभी आहे, तोंड रस्त्याकडं करून.

तू जाऊन वर्ष उलटलं. एवढ्या दिवसांत कधी लिहिलं नाही आणि आता ब्रेकचं निमित्त काढून लिहितोय, याचं तुला हसू येईल. पण गाडी झाली की ट्रायल तू मारायचास ना रे? मी रस्त्याच्या कडेला डोळे मिटून उभा राहायचो. तू दाबायचास, मी ऐकायचो. मग परत येऊन काच खाली करायचास आणि विचारायचास, ‘काय म्हणती, दादा?’ काय म्हणती ते मी सांगायचो. मागचं डावं घासतंय. पुढच्या ड्रमात माती आहे. आपल्या युसूफ वडगावात पत्र्याच्या शेडमध्ये ट्रॅक्टरच्या ब्रेकला लायनर ठोकत बसणाऱ्या दोघा भावांचं केजला एवढं दुकान झालं, ते तुझ्या पायावर आणि माझ्या कानावर. आता या गाडीची ट्रायल कुणाला विचारू?

ही गाडी तू आणलीस तो दिवस आठवतो का? पुण्याच्या कुठल्याशा बिल्डरच्या पोराची वापरलेली, दोन दारांची, जमिनीला चिकटलेली. बसस्टँडपासून आपल्या दुकानापर्यंत जेवढे स्पीडब्रेकर होते, तेवढ्यांना ती पोट घासत आली. मी आत ग्राइंडर चालवत होतो, तरी मला ते ऐकू आलं. बाहेर येऊन बघतो तर अर्धा बाजार गोळा. पंढरीनाना वाकून आत बघत म्हणाले, ‘बाळासायेब, हिच्यात बसायचं का पालथं निजायचं?’ तू म्हणालास, ‘नाना, हिच्यात बसत न्हाईत. ही अंगात घालायची असती.’

नारायणगडावर पूजेला नेलीस तेव्हा चाकापुढं ठेवलेलं लिंबू चाकाखाली जायच्या आधी तिच्या पोटालाच लागलं. सुरेखाचा चेहरा पडला. तू तिला म्हणालास, ‘अगं, हिला लई भूक लागलीय.’ सगळे हसले, तीही हसली. मीही हसलो. लहानपणी उसाच्या फडात पाचटावर निजलेला माझा भाऊ असल्या गाडीत बसलाय, हे बघून माझी छाती किती फुगली होती, ते तुला कधी सांगितलं नाही. बोलून दाखवायची आपल्या घरात रीतच नाही.

तुला एक बोलायचं राहिलंय. रागानं नाही बोलत, पण बोलतो.

गाडी आणल्यावर आठवड्यातच तू मला म्हणाला होतास, ‘दादा, जोरात दाबला की पायाखाली शेंगा भाजल्यासारखं तडतडतंय. कायतरी सुटलंय.’ मी गाडी जॅकवर घेतली, चारी चाकं काढून बघितली. सगळं जागच्या जागी होतं. तुला समजावून सांगितलं, की बाबा, ही गाडी चाक जाम होऊ देत नाही. ती स्वतःच दाबते आणि सोडते, तुझ्या-माझ्या पायाला जमणार नाही इतक्या लवकर. तीच तडतड लागते पायाला. तू फक्त दाबून धर. काही झालं तरी पाय काढू नको.

काय म्हणालास तू? ‘दादा, तू मला ब्रेक मारायला शिकवतो व्हय?’

कसा शिकवणार होतो तुला? तुझ्या मागं दोन-दोन ट्रॉल्या असायच्या, उसानं गच्च भरलेल्या, आणि ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसतोच. ट्रॅक्टरचा ब्रेक पुरा दाबला की मागचं वजन पुढं धावतं आणि सगळं आडवं होतं. म्हणून दाब अन् सोड, दाब अन् सोड. आपल्या भागातला जो माणूस कारखान्याला ऊस वाहून जाणता झाला, त्याच्या पायाला हेच वळण. त्या पायानं तू एवढ्या वर्षांत एकही ट्रॉली पालथी घातली नाहीस. त्या पायाला मी म्हणत होतो, सोडू नको!

हंगामाचे दिवस होते. तू अंबाजोगाईहून येत होतास, दिवस मावळताना. वळणापलीकडं उसाचा ट्रॅक्टर बंद पडून रस्त्यातच उभा होता, मागं दिवा नाही, आणि मोळ्यांची टोकं ट्रॉलीच्या मागं हातभर बाहेर आलेली. गाडीला फार काही झालं नाही, बाळू. नाक ट्रॉलीखाली गेलं, बॉनेट दुमडलं, काच गेली. काचेतून ऊस आत आला. गाडी अजून हातभर अलीकडं उभी राहिली असती, तर त्या रात्री आपण सगळे एका ताटाभोवती बसून त्या ट्रॅक्टरवाल्याला शिव्या देत जेवलो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथं गेलतो. लोकांना वाटलं, भाऊ गेला म्हणून वेडा झालाय. मी रस्ता वाचत होतो. टायरची काळी खूण, मग मोकळा रस्ता, मग काळी खूण, परत मोकळा. तू दाबलास, पायाखाली तडतड झाली, तू सोडलास. परत दाबलास. अंगणात कुणाच्या पावलांचा माग लागावा, तसा तुझ्या पायाचा माग मला तिथं दिसला. गाडी ताब्यात आल्यावर मी चारी ब्रेक खोलले. पॅड चांगले, डिस्क चांगल्या, तेल जिथल्या तिथं. खोट कुठंच नव्हती.

गावानं मात्र निकाल आधीच लावला होता. कान तिखट असण्याचा हा एक तोटा आहे. समोरच्या चहाच्या गाड्यावर दोघं बोलत होते, मी शटरच्या आत.

‘ब्रेकवाल्याच्या भावाचेच ब्रेक फेल झाले बे.’

‘घरचं काम. फुकटात कोण नीट करतंय?’

बाहेर जाऊन सांगू शकलो असतो. काय सांगायचं पण? ब्रेक चांगले होते, माझ्या भावाचा पाय चुकला? तुझी राख अजून सावडायची होती. सुरेखा भिंतीला टेकून बसली होती. तुझ्या पायावर बोट ठेवण्यापेक्षा माझ्या दुकानावर ठेवलेलं मला बरं वाटलं. गिऱ्हाईक थोडं कमी झालं, परत आलं. त्याचं काही नाही.

पण कोमलनंही तेच धरलं. तिच्या मनात पक्कं बसलं की पप्पा ब्रेकमुळं गेले. गाडी दुरुस्त होऊन आली, पुण्यातल्या नोकरीचं पत्र आलं, आणि ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तुझ्यासारखीच, एक हात कमरेवर.

‘तात्या, पप्पांच्या गाडीला चांगले ब्रेक बसवून द्या. मोठे. परदेशातले मिळत्यात, मी बघितलंय. ती गाडी मी चालवणार.’

सुरेखा आतून म्हणाली, ‘गाडी इकून टाका, दादा. कुणी घेत नसंल तर पेटवून द्या.’

‘इकली तर पुण्याहून मी परत येणार न्हाई, मम्मी. आत्ताच सांगते.’

‘ऐका. ऐका तुमच्या भावाची लेक काय बोलती.’

दोघी माझ्याकडं बघत होत्या. मी मधला रस्ता काढला, बाजारात काढतो तसा. म्हटलं, ब्रेक मागवू. मनात म्हटलं, यायला दोन-तीन महिने लागतील, तोवर हिचं मन फिरेल, नाहीतर कंपनी तरी फिरेल. ब्रेक आधीही चांगलेच होते, हे मला ठाऊक होतं. मी वेळ विकत घेत होतो. पण आजकालच्या पोरांपुढं आपली लबाडी कुठं चालते? पार्सल कस्टममध्ये अडकलंय, असं मी जेवताना म्हणालो, तर तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला. ‘तात्या, पार्सल भिवंडीहून निघालंय. तुमी कस्टम-कस्टम काय करताय?’

पार्सल फोडलं तेव्हा दुकानात सगळे जमले. आणि बाळू, वस्तू बघून मी पण हुरळलो. ताटाएवढ्या डिस्क, त्यांना आरपार भोकं, आणि कॅलिपर असं की आपल्या जुन्या ट्रकचं लाजावं. आयुष्य ब्रेकमध्ये गेलं माझं, पण असलं लोखंड हातात घेतलं नव्हतं. सुरेखा दारात येऊन उभी होती. तिला ऐकू जावं म्हणून मी मोठ्यानं म्हणालो, ‘आता ही गाडी निम्म्या अंतरात थांबल. अख्ख्या बीड जिल्ह्यात हिच्यासारखी थांबणारी दुसरी गाडी नसल, दत्तूचा शब्द हाय.’

सुरेखानं फक्त विचारलं, ‘म्हणजे पोर जाणार?’

मी डिस्कवरचं तेल पुसायला घेतलं. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते, ताट सरकवते, पण शब्द नाही.

काम मी रेंगाळत केलं. एका दिवसाचं काम आठवडाभर चाललं. ब्रॅकेट मुद्दाम परत लातूरला नेले, थोडे घासायचे म्हणून. शेवटी ब्रेकमधली हवा काढायची वेळ आली, आणि त्याला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पाय चालवायचा, एकानं खाली झोपून नटातून तेल सोडायचं. पूर्वी आत तू असायचास. त्या दिवशी कोमल बसली.

‘दाब.’

‘दाबला.’

‘परत. परत. आता धर.’

‘धरला.’

मी नट सैल केला, बुडबुडे आले, नट आवळला. सोड म्हटलं की सोडायची, धर म्हटलं की खिळ्यासारखा पाय. चारी चाकांचं काम झालं, एकदाही चुकली नाही. गाडीखाली पडल्या पडल्या मला वाटलं, असू दे, जाऊ दे हिला, जमेल.

काल सकाळी गावाबाहेरच्या नव्या रस्त्यावर गेलो. तो अजून चालू झालेला नाही, लांबपर्यंत मोकळा आहे. मी नेहमीसारखा कडेला उभा राहिलो आणि डोळे मिटले. तिला सांगून ठेवलं होतं, मी उभा आहे तिथं आलीस की पुरा दाबायचा, गाडी थांबेपर्यंत. गाडी आली. टायर चिरकले. मग आवाज तुटला. परत चिरकले, परत आवाज तुटला.

डोळे उघडायची गरज नव्हती. तूच गेलास समोरून.

ती मागं वळवून आली, काच खाली केली. ‘काय म्हणती, तात्या?’

हे तिला कुणी शिकवलं रे? तू तिच्यासमोर विचारायचास, तेवढ्यावरच उचललं असणार.

‘पाय काढलास.’

‘न्हाई काढला.’

‘काढलास, बाळा. ऐकलं मी.’

‘ते पायाखाली तडतड झालं, म्हणून जरासा… कायतरी सुटल्यागत वाटलं.’

परत केलं. परत तेच. मग परत. दहा वर्षांची असताना तिला तू मांडीवर बसवून मोकळा ट्रॅक्टर शिकवलास, पाय पोचायला लागले तेव्हा ट्रॉली जोडून शिकवलास. केवढं कौतुक होतं तुला, पोरगी ट्रॉली मागं घेते म्हणून! त्या शिकवणीतला पाय आहे तो. डोक्याचं ऐकत नाही.

शेवटी गाडी कडेला लावायला सांगून मी तिला सगळं सांगितलं. रस्त्यावरच्या खुणा, खोललेले ब्रेक, सगळं. तुझी माफी मागून सांगितलं असं समज.

तिनं गाडी बंद केली. मग म्हणाली, ‘म्हणजे पप्पांना गाडी चालवता येत नव्हती म्हणता तुमी?’

‘त्याच्यासारखा ट्रॅक्टर जिल्ह्यात कुणाला येत नव्हता.’

‘मंग आधीचे ब्रेक चांगले होते?’

‘चांगले होते.’

‘मंग हे कावून बसवले?’

तुझ्या लेकीनं एवढं सरळ विचारलं. मला जे येतं ते मी केलं. मला ब्रेक येतात. पाय बदलून बसवता येत नाही, बाळू.

मग मी शेजारी बसलो. तिनं शंभरावर नेली, दाबला, तडतड सुरू झाली, आणि मी ओरडलो, ‘धर.’ तिनं धरला. गाडी जागेवर उभी. परत केलं, ‘धर’, परत धरला. माझा जीव जरा भांड्यात पडला. मग म्हटलं, आता मी गप्प बसतो. गप्प बसलो, आणि पाय निघाला.

‘तुमी म्हणला की राहतो, तात्या,’ ती म्हणाली. ‘न्हाई म्हणला की माझा मलाच कळत न्हाई, कवा निघतो.’

टायरचा वास येईपर्यंत आम्ही तेच करत राहिलो. परत येताना तीच मला धीर द्यायला लागली. ‘पुण्यात एवढ्या जोरात कुठं चालवायची येती? ट्रॅफिकमधी तर चालतच जावं लागतं.’ मी हं म्हटलं. पुणं आणि केज यांच्या मधला रस्ता मला माहीत आहे. दर सणाला ती त्यावरून येणार. हंगामात येणार.

गाडी सुरूच होऊ नये, असं एखादं काही आतून काढून ठेवावं का, असाही विचार केला. माझ्यासारख्याला अवघड नाही. पण ती दुसरी घेईल, पाय तोच राहील. सुरेखाच्या पाया पडावं असं वाटलं, तर ती माझ्याकडं बघतसुद्धा नाही. आत्ता ती कोमलची बॅग भरतीय. इथं बसून मला भिंतीपलीकडून डबे ठेवल्याचे आवाज येतायत. शेंगदाण्याची चटणी असेल, झाकण दोनदा दाबून बघितलं तिनं.

तू असतास तर काय केलं असतंस? मला वाटतं, तूही तिला जाऊ दिलं असतंस आणि वर गावभर सांगत फिरला असतास, माझी पोर पुण्यापर्यंत एकटी गाडी नेते म्हणून. तुझं सगळं असंच होतं. माझ्या वाट्याला मागं उभं राहून ऐकायचं काम आलं.

तर आता माझा शब्द ऐक. उद्या तिच्याशेजारच्या सीटवर मी बसणार आहे. तिला अजून सांगितलेलं नाही, सकाळी पिशवी घेऊन सरळ जाऊन बसेन. पुण्यापर्यंत जिथं जिथं तिचा पाय दाबेल, तिथं तिथं मी ‘धर’ म्हणेन. नंतर मी एसटीनं परत येईन आणि ती तिथं एकटी असेल, हे मला कळतं. पण सणाला यायचं असेल तेव्हा तिनं फोन करायचा, मी जाऊन शेजारी बसून तिला घेऊन येईन, आणि तसाच पोचवून येईन. माझ्यात बसायची ताकद आहे तोवर हे करीन.

आणि ट्रायलचं राहिलंच. जुने ब्रेक काढायच्या आधी मी एकटाच त्या नव्या रस्त्यावर गेलो होतो. शंभरावरून पुरा दाबून, पाय न हलवता गाडी थांबवली, आणि पुढचं चाक थांबलं तिथं पिवळ्या रंगाची रेघ मारली. काल कोमलला घरी सोडून मी परत गेलो. तोच रस्ता, दाबायची तीच जागा, तेच टायर, तेवढाच वेग, नवे ब्रेक. खाली उतरून बघितलं तर चाक त्याच रेघेवर उभं होतं.

तुझा,
दत्तूदादा